पोळ्याला धुतलेली इलेक्ट्रिक गाडी

"बॅटरीवरची ती चार चाकांची गाडी शेतात खरंच उपयोगाची आहे का हो?" शहरात कुठंही गेले, लग्नात, बँकेत, दातांच्या डॉक्टरकडं, की हा प्रश्न मला कुणीतरी विचारतंच. विचारणाऱ्याच्या बुटाला जन्मात चिखल लागलेला नसतो. उत्तरही त्याला नको असतं. परदेशात असली गाडी मेंढ्या कशी वळते, हे त्यानं मोबाइलवर पाहिलेलं असतं आणि ते त्याला मला सांगायचं असतं. मी हल्ली "आहे उपयोगाची" एवढंच म्हणते आणि तोंड फिरवते. गाडीवर माझा राग नाही. तिच्याभोवती जी माणसं जमली त्यांची मात्र मला किळस आली, आणि ती अजून गेलेली नाही.

आमचं गाव दौलताबादच्या पुढं, डोंगराच्या पायथ्याशी. मी राहते पडेगावात. नवरा वारला त्याच्या आधीच भावाभावांची वाटणी झाली होती आणि आमच्या वाट्याला ओढ्यापलीकडचा तुकडा आला होता. जमीन उत्तम, वाट भिकार. गावापासून ओढ्यापर्यंत पाणंद, पाणंदीत काळी माती, आणि पावसाळ्यात त्या मातीत पाय रुतला की पाय वर येतो, चप्पल खालीच राहते. मी आयुष्यभर एका कचेरीत टेबलाशी बसून नोकरी केली. निवृत्त झाल्यावर शेत स्वतः करायचं ठरवलं. बाईचा शौक आहे, दोन पावसांत उतरेल, असं सगळ्यांना वाटलं. तो उतरला नाही. मी अद्रक लावायला शिकले. गादीवाफे कसे करायचे, बेणं कसं निवडायचं, पाणी कुठं साचतं, हे बायांच्या बरोबरीनं वाकून शिकले. उतारवयात मला पहिल्यांदाच सकाळी उठायची घाई वाटायला लागली होती.

मग पडेगावच्या रस्त्यावर स्कूटी घसरली आणि मांडीचं हाड मोडलं. आत सळई बसवली. सपाट रस्त्यावर मी बरी चालते. चिखलात किंवा ढेकळांत पाय पडला की तो माझा राहत नाही, कुठंही जातो.

माझे धाकटे दीर गावातच असतात. मी अंथरुणात होते तेव्हा ते भेटायला आले, सफरचंदं घेऊन. पिशवी टेबलावर ठेवली, पाच मिनिटं देवाची मर्जी वगैरे बोलून झालं, आणि मग म्हणाले, "वहिनी, आता कशापायी हैराण होता? मला द्या बटईनं. अर्धं पीक घरपोच आणून टाकतो." टाके अजून ओले होते माझे. त्या सफरचंदांना मी हात लावला नाही, पुढं ती शेजारणीला देऊन टाकली.

पण त्यांचं म्हणणं अगदी उडवून लावण्यासारखंही नव्हतं. पोचताच आलं नाही तर शेती कसली करणार? मी म्हणाले, "भाऊजी, हा एक पावसाळा मला बघू द्या. मी शेतात जाऊ शकले नाही तर दिवाळीला शेत तुमच्याकडं."

"बगा की. कोण अडवायलंय?" ते म्हणाले, आणि माझ्या पायाकडं बघून हसले. ते हसू चांगलं नव्हतं.

म्हणून मी ती गाडी घेतली. वाळूजला एक वर्कशॉपवाला आहे, कारखान्यांना लागणारे ट्रॉली-स्टँड बनवतो. त्यानं रोपवाटिकावाल्यांसाठी अशा दोन-चार गाड्या केल्या होत्या. चार जाड चाकं, मधे घोड्यासारखी बैठक, मागं लोखंडी कठडा, बैठकीखाली बॅटरी. क्लच नाही, गिअर नाही. अंगठ्यानं खटका दाबला की पुढं, बटण फिरवलं की मागं. नवऱ्यानं आयुष्यभर वाळूजच्या कारखान्यात पाळ्या केल्या, रोज संध्याकाळी तो वंगणाचा वास घेऊन घरी यायचा, आणि तिथूनच मी असलं बिनधुराचं यंत्र आणत होते, याची मला मौज वाटली. वर्कशॉपवाल्यानं एकच ताकीद दिली. पाऊस चालेल, चिखल चालेल, पण उभ्या पाण्यात अर्ध्या चाकाच्या वर घालायची नाही. गाडी गावात उतरवली तेव्हा दीर समोर होते. मी त्यांना हे जसंच्या तसं सांगितलं. ते तोंडात गुटख्याची पुडी रिकामी करत होते, मान हलवली.

आता उपयोगाचं सांगते, म्हणजे पुन्हा कुणी विचारू नये. गाडी पाणंदीतून गेली, आणि ओढ्याच्या उथळ उतारावरूनही. ट्रॅक्टर जिथं आडवा होतो तिथून ती खेकड्यासारखी चिखल चाचपत निघून जायची. मागं फवाऱ्याचा पंप, पाण्याचा कॅन, खताची गोणी, सगळं बसायचं. आवाज नसल्यामुळं मी वाफ्यांच्या कडेनं फिरताना तित्तर उडायचे नाहीत, आपापलं टिपत राहायचे. मला खाली उतरावं लागायचं नाही. गाडीवरूनच पानं बघायची, कुठं पिवळं पडलंय, कुठं चर बुजलाय ते बायांना दाखवायचं. आणि तोटे? बाभळीचा काटा. पाणंदीच्या दोन्ही अंगांना बाभळी, आणि टायर कितीही जाड असला तरी तो काटा बरोबर शिरतो. दाट चिखलात बॅटरी लवकर उतरायची. गाडी रस्त्यावर नेता येत नाही, तिला नंबरच मिळत नाही. आणि रुतली तर ती चौघांशिवाय हलत नाही.

सगळ्यात मोठा तोटा मात्र गाडीचा नव्हता. शेतावरची वीज पाळीची, कधी दिवसा, कधी रात्री. चार्जिंग करायचं तर गावातल्या घरात. म्हणजे दिरांच्या ओसरीत. मी सकाळी पडेगावच्या नाक्यावरून काळी-पिवळी जीपमध्ये बसायची, गावात उतरायची, दिरांच्या ओसरीतून गाडी काढायची, शेत करून परत तिथंच लावायची. जिथं गाडीचा मुक्काम, तिथं गाडीची मालकी, हे मला तेव्हा कळायला हवं होतं.

जाऊ रोज गाडीची वायर लावायची. कमी बोलणारी बाई. मी आले की गाडी पुसून तयार असायची, आणि कधी कधी कठड्यात भाकरीचं फडकं बांधलेलं असायचं.

गावाला मात्र चेव चढला होता. पहिल्याच आठवड्यात मी पंजाबी ड्रेस घालून गाडीवर टांग टाकून बसले, तर पारावरचे म्हातारे माना वळवून बघत राहिले. त्यातला एक मोठ्यानं म्हणाला, "आता बायाबी घोड्यावर." मी खुशाल पुढं गेले. पुढं लोकांना त्याची सवय झाली, पण दुसरंच सुरू झालं. जो तो गाडीवर बसून व्हिडिओ काढायचा. गॉगल लावून, छाती काढून, मागं डोंगर. एकदा सकाळी मी बैठकीवर हात ठेवला आणि हाताला काहीतरी चिकट लागलं. पुडीची पिंक. लाल, ओली, बैठकीवरून बॅटरीच्या झाकणापर्यंत ओघळलेली. मी हात ओसरीच्या खांबाला पुसला. जावेनं बादली आणली. कुणाची पिंक, हे तिनं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. ओसरी कुणाची होती ते आम्हा दोघींना ठाऊक होतं.

तरी मी पोचत होते. आषाढ गेला, श्रावण आला, अद्रक गुडघ्याच्या वर गेली, आणि मी रोज शेतात होते. दीर कधी पाणंदीच्या तोंडाशी भेटले तर विचारायचे, "पोचल्या का?" मी म्हणायची, "पोचले." त्यांचा चेहरा दिवसेंदिवस आंबट होत चालला होता.

मग पोळा आला.

दिरांचं एक दुखणं आधी सांगायला हवं. गावच्या पोळ्यात आमच्या घराला मान होता. मानाच्या बैलामागं दुसरी जोडी आमची. सासऱ्यांनी तो सांभाळला, पुढं दिरांनी सांभाळला. पण बैल पाळणं परवडेना म्हणून त्यांनी जोडी विकली, आणि आता नांगरट भाड्याच्या ट्रॅक्टरनं. गेल्या पोळ्याला ते वेशीपाशी रिकाम्या हातानं उभे होते आणि त्यांच्या जागी दुसऱ्यांची जोडी लागली. त्या दिवशी ते जेवले नाहीत, असं जाऊ म्हणाली होती. तेवढ्यापुरतं मला त्यांचं वाईट वाटलं होतं.

या पोळ्याला मी पुरण घेऊन दुपारी गावात आले. ओसरीत गाडी नव्हती. जाऊ चुलीपाशी होती, तिनं मान वर केली नाही. म्हणाली, "ताई, ओढ्यावर गेलेत. मी नाय म्हणले, पण ऐकून कोण घेतंय."

मी काठी टेकत गावाच्या कडेला, ओढ्याच्या डोहापाशी गेले. गावातले उरलेसुरले बैल धुऊन होत आले होते. आणि डोहाच्या मधोमध, पाण्यात, माझी गाडी. दीर धोतर खोचून तिच्या शेजारी उभे होते आणि नारळाच्या काथ्यानं तिला घासत होते. पाणी बैठकीला टेकलेलं. दुसरे दोघं तिच्यावर घमेल्यानं पाणी उडवत होते.

"भाऊजी!" मी ओरडले. "काढा तिला बाहेर! अर्ध्या चाकाच्या वर नाही म्हणून सांगितलं होतं ना!"

"आवं वहिनी, वशिंडापर्यंत पाणी लागाया पायजे," ते म्हणाले. अगदी समजावून सांगितल्यासारखं. "नायतर अंघोळ कशी म्हणायची?" आणि बैठकीवर थाप मारली. बैठक म्हणजे वशिंड.

मला आधी हसू आलं, खोटं कशाला सांगू. मग कळलं की हे सकाळपासूनचं नाही, कालपासूनचं आहे. जावेनं नंतर सांगितलं. आदल्या संध्याकाळी त्यांनी खांदेमळणी केली होती. बैलाच्या खांद्याला तूप-हळद लावतात तशी गाडीच्या पुढच्या दोन्ही पत्र्यांना लावली, आणि हात जोडून म्हणाले, "आज आवतन घ्या, उद्या जेवायला या." ज्या जोडीला ते हे म्हणायचे ती खाटकाच्या बाजारात विकून मोकळा झालेला माणूस. बॅटरीला आवतन देत होता.

डोहातून गाडी दोरानं ओढून काढली. मी म्हणत होते, सुरू करू नका, उघडून वाळवू द्या. कोण ऐकतंय? मिरवणुकीची वेळ झाली होती. हँडलच्या मुठींना गेरू फासला, बाशिंग बांधलं, बैठकीवर विकलेल्या बैलाची जुनी झूल टाकली. आणि आश्चर्य म्हणजे गाडी सुरू झाली. दीर वर बसले. मानाच्या बैलामागं, आपल्या जुन्या जागेवर. त्यांच्या चेहऱ्यावर तेव्हा जे समाधान होतं तेवढं मी त्यांच्या मुलीच्या लग्नातही पाहिलं नाही.

वेशीच्या तोरणाखाली गाडी थांबली. आधी एक हिसका, मग टिक असा आवाज, मग बैठकीखालून पांढरा धूर आणि जळक्या प्लास्टिकचा वास. मागच्या बैलांनी माना झटकल्या. कुणीतरी ओरडलं, पळा, फुटतंय. धूर ओसरल्यावर लोकांनी ती ढकलत बाजूला नेली आणि मोबाइल काढून व्हिडिओ घेतले. बाशिंग तसंच होतं.

संध्याकाळी पारावर निकाल लागला. मी जावेच्या ओसरीत बसले होते, तिथून सगळं ऐकू येत होतं.

"इलेक्ट्रिकचं कामच नाय शेतात."

"आपल्या मातीला नाय चालत असलं. तिकडं परदेशात चालत असंल."

"बैलाला कधी शॉर्टसर्किट झालंय का?" यावर मोठा हशा झाला. आणि त्यात सगळ्यात मोठा आवाज दिरांचा. "मी तर आधीच म्हणलो व्हतो वहिनींना. ऐकतात कुठं."

नाचता येईना अंगण वाकडं, असं आपण म्हणतो. इथं अंगण बुडवून वर अंगणालाच नावं ठेवत होते. अज्ञानाची मला कधी किळस आली नाही, मीही अज्ञानीच होते. पण स्वतःच्या हातानं पाण्यात घातलेल्या वस्तूवर, हात वाळायच्या आत, इतक्या सहज निकाल देणारी ती तोंडं! शी. मी पुरणाचा डबा तसाच ठेवून निघाले.

वाळूजचा वर्कशॉपवाला येऊन गेला. झाकण काढलं तर आतून गढूळ पाणी आलं आणि पाण्याबरोबर शेवाळाचा एक लगदा. तो लगदा त्यानं बोटांनी उचलून बघितला. मग म्हणाला, "मॅडम, हिला काय झालं होतं?" मी म्हणाले, पोळा. मोटर वाचली होती, बॅटरी अर्धी वाचली होती, मोटर चालवणारा कंट्रोलर जळला होता. तो भाग बाहेरून मागवावा लागणार होता. दिवाळीच्या आत भरवसा देत नाही, म्हणाला.

आणि पाऊस लागला. पोळ्यानंतरचा तो पाऊस दिवसरात्र पडत होता. अद्रकीला पाणी चालतं, साचलेलं पाणी चालत नाही. चर उघडे ठेवले नाहीत तर गड्डा जमिनीत कुजतो. बायांना मी फोनवर सांगत होते, इकडचा चर उकरा, तिकडचा बांध फोडा. फोनवर शेत दिसत नाही. शेवटी न राहवून मी एका सकाळी चालत निघाले. पाणंदीच्या अर्ध्यावर पाय गेला आणि मी बसकण मारली, कमरेपर्यंत चिखलात. उठता येईना. मागून येणाऱ्या बायांनी दोन्ही काखांत हात घालून उचललं आणि गावात आणून सोडलं. पाणंदीच्या तोंडाशी दीर उभे होते. या खेपेला त्यांनी विचारलं नाही, पोचल्या का म्हणून.

"तुम्ही फिकीर करू नका, मी बगतो चर," असं मात्र म्हणाले. बघितले नसणार, कारण पाऊस उघडल्यावर बायांनी मला आधार देत शेतात नेलं तेव्हा आधी वास आला. कुजलेल्या अद्रकीचा वास ज्यानं घेतला नाही त्याला सांगून कळणार नाही. चांगल्या अद्रकीचा तिखट वास त्यात असतोच, आणि त्याच्या खाली मेलेल्या उंदराचा. मी एक खोड ओढलं, ते उपटावंच लागलं नाही, नुसतं हातात आलं. खाली गड्डा नव्हता, पिवळा पाणचट गाळ होता, त्यात अळ्या वळवळत होत्या. माझ्या नखांत तो वास आठवडाभर राहिला. साबणानं जाईना.

दिवाळीला दीर फराळाचं ताट घेऊन पडेगावला आले आणि मी शब्द पाळला. शेत बटईनं दिलं. भांडण नाही, काही नाही. मी रडलेसुद्धा नाही. इतका शीण आला होता की कुणीतरी निर्णय घ्यावा, तो वाईट का असेना, असं झालं होतं. गाडी दुरुस्त झाली तेव्हा वर्कशॉपवाल्यानं विचारलं, कुठं पोचवू? मी म्हणाले, गावातच टाका, माझ्या पार्किंगमध्ये तिचं काय करायचंय?

संक्रांत झाल्यावर जावेचा फोन आला. ती स्वतःहून फोन करणारी बाई नाही. एवढंच म्हणाली, "ताई, येत्या ऐतवारी एकदा शेताकडं येऊन जा." कशाला विचारलं तर म्हणाली, या तर खरं.

रविवारी गेले. पाणंद वाळून टणक झाली होती, काठी टेकत टेकत मी ओढ्यापर्यंत आले. ओढ्याच्या कोरड्या पात्रात शहराच्या नंबराच्या मोटारी लागलेल्या होत्या. पलीकडून गाण्यांचा दणदणाट येत होता. बांधावर फलक, त्यावर हात जोडलेल्या दिरांचा फोटो आणि खाली मोठ्या अक्षरांत "फार्म रायडिंग."

माझे वाफे नव्हते. रोलर फिरवून सगळं सपाट केलेलं. ठिबकच्या नळ्या कोपऱ्यात गुंडाळून फेकलेल्या. जिथं मी बायांबरोबर वाकून बेणं लावलं होतं तिथं जुने टायर अर्धे गाडून, पांढरा रंग देऊन, वळणावळणाची वाट केलेली होती. त्या वाटेवर माझी गाडी फिरत होती. वर एक गॉगलवाला, त्याच्या मागं मोबाइल धरून ओरडणारी त्याची बायको. पुढच्या चकरेसाठी माणसं रांगेत. कडेला पत्र्याच्या आडोशाला जाऊ भजी तळत होती. तिनं मला कागदी कपात चहा दिला. चहात अद्रक होती.

"कुठली?" मी विचारलं.

"बाजारची," ती म्हणाली.

मला तो घोट गिळवेना, मी तो बांधावर थुंकले. आयुष्यात पहिल्यांदा मी चारचौघांत थुंकले असेन.

दीर लगबगीनं आले. खरंच आनंद झाला होता त्यांना. "या या वहिनी! बगा, कशी कामाला लावली गाडी! लई भारी चीज हाय. आवाज नाय, धूर नाय, दिवसभर चालती. फकस्त पाण्यात घालायची नाय बरं का, बाकी काय झंझट नाय."

हे ते मला सांगत होते.

"भाऊजी," मी म्हणाले, "शेत मी पिकवायला दिलं होतं."

"मंग? अर्धा वाटा तुमचाच हाय की. अद्रकीत काय ऱ्हायलंय आता? नुसती सडती." आणि माझ्या खांद्यामागं हात धरून, प्रेमानं, रांग मोडून मला पुढं नेत म्हणाले, "चला, तुम्हीबी मारा एक चक्कर. तुमच्याकडून काय तिकीट घ्यायचं!"

मी त्यांच्या चेहऱ्याकडं नीट बघितलं. टोमणा होता का? नव्हता. माणूस मनापासून बोलत होता. माझ्या शेतात, माझ्या गाडीवर, मला फुकट. त्या क्षणी मला त्यांचा जो तिटकारा आला तो पिंक लागली तेव्हाही आला नव्हता.

गॉगलवाला उतरला. मी वर बसले. ती पांढऱ्या टायरांची वाट सोडून गाडी सरळ बांधाच्या तोंडाशी नेली, आडवी लावली, किल्ली काढून मुठीत घेतली.

"मॅडम, आमचा नंबर राहिलाय," रांगेतलं कुणीतरी म्हणालं.

"हे शेत आहे," मी म्हणाले. "आजपासून इथली बटई बंद आणि चकराही बंद. चालत बाहेर जायला जागा आहे, जा."

दिरांचा आवाज खाली आला. "वहिनी, लोकांपुढं इज्जत घालवू नका. पैशे घेतलेत मी."

"परत करा."

"आन तुमच्याच्यानं व्हणार हाय का शेती? पाय बगा की सोताचा!"

"आज मी पायानं आलेय, भाऊजी. पावसात हिच्यावर येईन. तुम्ही हिला परत डोहात घातली तर पुन्हा दुरुस्त करून आणीन."

ते काहीतरी बोलणार होते, पण तेवढ्यात त्यांची नजर मागं गेली. जावेनं कढईतली भजी काढून गॅस बंद केला होता. पदराला हात पुसत ती त्या वाटेवर गेली आणि पहिल्या टायरापाशी बसून तो हलवायला लागली. टायर पक्का गाडलेला, तिच्यानं हलेना. माणसं एकेक करून बांध ओलांडत होती, दीर त्यांच्यामागं हात जोडत, नोटा परत करत चालले होते. मला वाकता येत नव्हतं. मी गाडी फिरवून जावेपाशी नेली. ठिबकच्या ढिगातून तिनं दोर काढला, एक टोक टायरात ओवलं, दुसरं गाडीच्या कठड्याला बांधलं. मी अंगठा दाबला. चाकं जागच्या जागी फिरली, धुरळा उडाला, आणि टायर मातीसकट उपटून बाहेर आला. आम्ही दुसऱ्याला दोर बांधला.

दीर लांबूनच ओरडले, "वहिनी, बॅटरी उतरंल तिची!"

"उतरली की थांबू," जाऊ म्हणाली, आणि तिसऱ्या टायराकडं गेली.